पेटीतून बोलणारा देव

गुरुवार उजाडला की बोरगावच्या मठापुढं मुंगी शिरायला जागा उरत नसे. निपाणीपासून काकतीपर्यंतची माणसं तिथं लोटत. चमत्कारच तसा होता! डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेले पारदर्शी महाराज भक्तांच्या चिठ्ठ्या न बघता वाचत. शिष्य शामू चिठ्ठी उघडून तिला अंगारा लावी, घडी घालून महाराजांच्या कपाळाला टेकवी आणि पेटीवर सूर धरी.

"दिसलं! पोराच्या नोकरीचं इचारतोयस न्हवं?" महाराज गरजत, आणि शिकलीसवरली माणसंही माना डोलवत.

कृष्णात अण्णा गर्दीत तोंड कडू करून बसले होते. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोच्या, तानीबाईच्या, छातीत गाठ होती. बेळगावच्या डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशन ठरवलं होतं. उशीर झाला तर हाताबाहेर जाईल, असं बजावलंही होतं. पण तानीबाईचा एकच हट्ट, "म्हाराज व्हय म्हणालं तरच जाईन." आणि महाराज तर गाठीवरसुद्धा अंगाराच देत. बायको हकनाक जाईल या भीतीनं अण्णांची झोप उडाली होती.

ऐकता ऐकता अण्णांचे कान टवकारले. पेटी उचकी लागल्यासारखी का वाजतेय? एकच सूर, कधी तोकडा, कधी लांब. फौजेच्या सिग्नल तुकडीत त्यांनी उमेदीची वर्षं हेच ऐकण्यात घालवली होती. तोकडा म्हणजे ठिपका, लांब म्हणजे रेघ. इंग्रजी अक्षरं जुळत गेली. शामूनं वाजवलं 'जमीन', आणि पाठोपाठ महाराज ओरडले, "जमिनीचा वाद!"

अण्णांना आतल्या आत हसू फुटलं. देव मोर्स कोडमध्ये बोलतो, हे त्यांना आजच कळलं!

तानीबाईचं नाव पुकारून शामूनं तिची चिठ्ठी महाराजांच्या कपाळाला लावली, तसे अण्णा उठले आणि शामूपुढं हात जोडून पेटीशी बसले. मठात पेटी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, ही गावची रीत. शामूला घाम फुटला, पण ओरडून सांगणार काय? अण्णांनी सूर धरला, कधी तोकडा, कधी लांब.

महाराज डुलले. "तानीबाई, घोर सोड! तुझी म्हस ह्या खेपंला गाभण ऱ्हाईल!"

"अवं म्हाराज," तानीबाई गोंधळली, "आमच्या दारात म्हसच न्हाय की!"

एकच हशा उसळला. अण्णांनी चिठ्ठी उचलून मोठ्यानं वाचली, 'ऑपरेशन करू का?' मग पेटीचा भाता बंद केला. "घ्या म्हाराज, आता पुढची वाचा."

"देव रुसला," महाराज पुटपुटले.

"देव रुसला का पेटी बंद पडली?"

शामूनं हात टेकले आणि सगळं सांगून टाकलं. मोबाईलवर शब्द टाकला की ठिपके आणि रेघा मिळतात. त्यावरून दोघांनी घोकून घोकून सराव केला होता. महाराजांनी पट्टी काढली आणि मागच्या दारानं धूम ठोकली.

तानीबाई संतापानं उठली. "माझा जीव ह्या भामट्याच्या हातात द्याया निघालते व्हय मी!" तिनं कपाळाचा अंगारा पदरानं खसाखसा पुसला. "सोमवारी लवकर निघूया."

अण्णा गर्दीकडं वळले. "हात जोडायच्या आधी एवढंच इचारत जावा, ह्ये घडतंय कसं? इचारल्यानं खरा देव कोपत न्हाय. कोपतो त्यो भोंदू. त्याच्या भरवशावर घरातलं माणूस घालवू नगासा."