जिन्यातली खुर्ची

जोवर काकीचे गुडघे गप्प होते, तोवर तो जिना तिचा होता. कोण चढलं, कोण उतरलं, कोण नवराबायको जिन्यात गोड आणि दाराआड कडू, सगळं तिला तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दारात बसून कळायचं. इमारतीतले लहानथोर सगळे तिला काकी म्हणत. पाठीमागे जमादारीण म्हणत, तेही तिला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचंही.

मग गुडघे बोलायला लागले. आधी नुसती कुरकुर, मग चक्क बोंबाबोंब. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि होण्यातलीही नव्हती. पण काकीने हे दुखणं कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायची सोयच नव्हती. गावाबाहेर एक नवी इमारत उभी राहिली होती आणि तिने काकीच्या मुलाच्या डोक्यात घर केलं होतं. जेवायला बसला की त्याचं सुरू.

"आई, तिथे लिफ्ट आहे. तुझे गुडघे दुखायला लागले ना, की आपण निघालोच."

आता असं म्हणणाऱ्या पोरासमोर कोण हाय म्हणेल?

"मला इथून हलवायला चार माणसं लागतील, तीही मी गेल्यावर," काकी म्हणायची आणि ताट घेऊन उठायची. उठताना ओट्याचा आधार घ्यायची, पण असा, की बघणाऱ्याला वाटावं ओटाच पुसतेय.

या घरात ती नवी नवरी म्हणून आली होती. इथेच मुलं झाली, इथेच नवरा गेला. पण खरी गोष्ट वेगळीच होती. तिकडे जाऊन ती कोणाची काकी होणार? लिफ्टमधल्या माणसांची? ती तर फोनमध्ये तोंड घालून उभी असतात, शेजारी माणूस आहे की पोतं तेही बघत नाहीत.

तेवढ्यात घरात नवा सोफा आला आणि नवऱ्याची वेताची खुर्ची अडगळ झाली. सून म्हणाली, "देऊन टाकूया का कोणाला?"

"दे की. मला पण दे त्याच्याबरोबर," काकी म्हणाली. "बाहेर राहू दे. वारा लागू दे तिला."

आणि तिने ती खुर्ची ओढत ओढत नेली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, खिडकीखाली. बरोबर तिथेच तिचे गुडघे हात जोडायचे. बाजारातून आली की इकडेतिकडे बघायची, जिन्यात पाऊल वाजत नाही अशी खात्री करायची आणि टेकायची. दम खाल्ला, पदराने तोंड पुसलं, की उरलेला जिना अशी चढायची, की दार उघडणाऱ्या मुलाला वाटावं आपली आई अजून घोडी आहे.

पण खुर्ची दिसली की माणसाला बसावंसं वाटतं. तो माणसाचा स्वभावच आहे. पाण्याचे कॅन पोचवणारा त्या खुर्चीत बसून घाम पुसायला लागला. कोणाची तरी मुलगी तिथे बसून कोणाशी तरी हळू आवाजात फोनवर बोलायला लागली. दुसऱ्या मजल्यावरचे साहेब, बँकेतून निवृत्त होऊन जमाना झाला तरी सगळे त्यांना साहेबच म्हणत, ते तर पेपर घेऊनच येऊन बसायला लागले. म्हणे, इथे उजेड बरा आहे.

एका दुपारी काकी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन वळणावर आली, तर खुर्चीत गॅसवाला. पाय पसरून. मागे वळावं तर लाज, थांबावं तर शंका. काकी हसली, "बस, बस बाबा," म्हणाली आणि तशीच वर चढली. गुडघ्यांत कोणी खिळे ठोकत होतं. वर दारात मुलगा उभा.

"आई, दम लागलाय का तुला?"

"लागला नाही. द्यायचाय मला. एकेकाला."

मुलाने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. ते पाहणं काकीला गुडघ्यापेक्षा जास्त टोचलं.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नाही असं बघून तिने खिडक्यांचा उरलेला निळा रंग आणि केस गळलेला ब्रश काढला. खुर्चीच्या वरच्या भिंतीवर लिहायचं होतं, बसू नये. म्हणजे एकदाची ब्याद जाईल. काकीची शाळा फार नव्हती. अक्षरं गिरवून झाली होती, काना-मात्रा आले होते, पण दोन शब्दांच्या मध्ये जागा कुठे सोडायची हा धडा यायच्या आत धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसावं लागलं. तेव्हापासून ती जागा सोडायची ती हात दुखेल तिथे. तरी लिहून झाल्यावर लांब उभी राहून तिने भिंत नीट न्याहाळली. अक्षरं सगळी बरोबर होती. ती स्वतःवर खूश होऊन वर गेली.

आणि झालं भलतंच. माणसं कमी व्हायची ती वाढली. गॅसवाला बसला, त्याच्यामागून पोस्टमन बसला. बरं, नुसते बसले असते तरी एक वेळ चाललं असतं, पण जो तो काकीला बघून हसायला लागला. पाणीवाला तर म्हणाला, "काकी, बरं केलंत हो. आमच्यासारख्यांचं कोण बघतं?"

काकीला वाटलं, थट्टा चाललीय. तिने त्याला अशी नजर दिली, की बिचारा कॅन तिथेच ठेवून पळाला.

संध्याकाळी साहेब घसा खाकरत दारात आले. "काकी, कल्पना उत्तम आहे तुमची. फक्त एक सांगतो, राग मानू नका. आमच्यासारखी वयाची माणसंही जातात त्या जिन्याने. सगळ्यांना एकदम अरे-तुरे बरं दिसत नाही. निदान 'या' लिहायला हवं होतं."

काकीला यातलं ओ की ठो कळलं नाही. पण कळलं नाही असं दाखवणं तिच्या रक्तात नव्हतं.

"माझ्यापुढे तुम्ही सगळी कालची पोरं," ती म्हणाली. "अरे-तुरेच करणार."

साहेबांचे केस सगळे पांढरे. पण ते असे काही लाजले, की वाटावं, खरंच कोणीतरी त्यांच्या गालाला हात लावलाय.

दार लावून काकी सुनेकडे गेली. "अगं, खाली भिंतीवर काय लिहिलंय, वाचलंस का तू?"

सून कणीक मळत होती. ती थांबली. "वाचलं की. आई, ते तुम्ही लिहिलंत ना? डब्यांवरची अक्षरं ओळखते मी."

"तोंड वर करून काय बोलतेस? वाच म्हटलं तर वाच."

"बसून ये," सून म्हणाली.

"काय?"

"बसून ये. म्हणजे घटकाभर बस आणि मग ये वर."

काकी ओट्याला टेकली. या वेळी पुसायचं सोंगही केलं नाही. सुनेला आधी कळेना, मग एकदम कळलं. हात कणकेने भरलेले, म्हणून तिने कोपराने तोंड झाकलं, पण हसू कुठे झाकतं? "आई... तुम्हाला 'बसू नये' म्हणायचं होतं?"

"हस. हस पोट धरून. आणि सांग तुझ्या नवऱ्याला, आईला जागा सोडता येत नाही म्हणून. ना भिंतीवर, ना घराची."

सुनेचं हसू विझलं. तिने हात धुतले. "मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही तिथे बसता, तेही सांगितलं नाही अजून."

काकी तिच्याकडे बघतच राहिली. म्हणजे हिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं, आणि ही गप्प होती.

पण भिंत पुसायलाच हवी होती. उद्या कोणाच्या लक्षात येईल आणि सगळी इमारत हसेल. सकाळी रॉकेलचा बोळा पदराखाली धरून काकी खाली उतरली, आणि वळणावर पाहते तर खुर्चीत टाचणी.

टाचणी म्हणजे चौथ्या मजल्यावरची शिवणारी बाई. तोंडात कायम टाचण्या धरून बोलायची म्हणून ते नाव पडलं. एके काळी दिवसभर हिच्या मशीनची घरघर जिन्यात ऐकू यायची. मग तिच्या छातीत दम राहीनासा झाला आणि तिने खाली उतरणं सोडलं. गिऱ्हाइकं खालून हाक मारायची, ती खिडकीतून दोरीला टोपली बांधून सोडायची. तिच्या तोंडापेक्षा तिची टोपलीच लोकांच्या जास्त ओळखीची झाली होती.

"टाचणे, तू?" काकी म्हणाली. "पायांनी आलीस की टोपलीत बसून?"

टाचणी हसली. चेहरा पार पांढरा पडला होता, पण हसली. "पाणीवाला म्हणाला, काकीने खाली लिहून ठेवलंय. खोटं वाटलं. म्हटलं, काकी आणि असं लिहिणार? म्हणून बघायला उतरले."

"मग बघितलंस ना?"

"बघितलं." टाचणीने भिंतीकडे मान वळवली. "काकी, मला ये म्हणणारं कोणी उरलंच नाही हो. गिऱ्हाइकं म्हणतात, खाली सोडा. मुलगी फोनवर म्हणते, जपून राहा. सगळ्यांचं म्हणणं एकच, आहेस तिथे राहा. ये म्हणून कोणी म्हणत नाही."

काकीच्या हातातल्या बोळ्यातलं रॉकेल पदरात उतरत चाललं होतं. वास सुटला होता.

"रॉकेल कशाला आणलंत?" टाचणीने विचारलं.

"खुर्ची पुसायला," काकी म्हणाली. "वेताला ढेकूण लागतात." आणि तिने खाली वाकून, गुडघे कडकडत असताना, खुर्चीचा एक हात खसाखसा पुसला. "आणि रडायचं असेल तर जरा बाजूला रड. वेताला पाणी लागलं की कुजतो."

त्यानंतर भिंतीला कोणी हात लावला नाही. खालच्या मजल्यावरच्या सुताराने आपल्या वळणावर एक फळी ठोकली. साहेबांनी आपला बुटक्या स्टुलासारखा मोडा दारापाशी आणला आणि वर उशीही ठेवली. काकीने एकेक हाताने हलवून तपासलं. "हा डगमगतो. ह्याच्यावर बसून येणारा पडून येईल," असं तिने मोड्याबद्दल सांगितलं, तेव्हा साहेब निमूटपणे पाय ठोकून घ्यायला सुताराकडे गेले. जिन्यातला गेलेला दिवा कोणी लावला हे काकीलाही कळलं नाही, आणि ते तिला जरा लागलंच. टाचणी एक-दोन दिवसांआड उतरून यायची, तोंडात टाचण्या, मांडीवर कोणाचा तरी परकर. गिऱ्हाइकं वळणावरच मापं द्यायला लागली.

फक्त काकी कोणासमोर बसत नव्हती. सगळ्यांना बसवायची आणि आपण कठडा धरून उभी राहायची. मुलगा येण्याजाण्याच्या वेळी तर खुर्चीकडे बघायचीही नाही.

एका संध्याकाळी ती बाजारातून येत होती. वळणावर पोचली आणि पायांनी सरळ सांगितलं, आता नाही. खुर्ची रिकामी होती. टाचणी सुताराच्या फळीवर बसून काज करत होती. खालून मुलाच्या बुटांचा आवाज येत होता. काकीने आवाज ओळखला. चार पायऱ्या चढून जायला अजून वेळ होता. ती चढली नाही. बसली. पिशवी मांडीवर घेऊन चांगली रेलून बसली.

मुलगा वळणावर आला. त्याच्या बोटात नव्या किल्लीची कडी होती. "आई? तू इथे का बसलीस?"

"वाचता येतं ना तुला? एवढं शिकवलं. वर काय लिहिलंय?"

त्याने वाचलं. मग आईकडे बघितलं. मग तिच्या गुडघ्यांवर दाबून धरलेल्या हातांकडे. "दुखतात ना?"

"दुखतात," काकी म्हणाली. "केव्हाचे दुखतात. म्हणून तर खुर्ची."

"मग तेच म्हणतोय ना मी! उद्या घर बघायला ये. किल्ली घेऊन आलोय. खाली लिफ्टमध्ये शिरायचं, वर आपलं दार. पायरी नाही, काही नाही."

"आणि मध्ये?"

"मध्ये काय? मध्ये कोणी नाही, काही नाही. सरळ घर."

खालून टाचणीचा आवाज आला, तोंडात टाचण्या धरलेला, "काकी, धाग्याचं रीळ खुर्चीपाशी राहिलं का हो माझं?" आणि साहेब आपल्या दारातून कोणाला तरी सांगत होते, मोडा आता हलत नाही, बसून बघा.

मुलगा ऐकत उभा राहिला. किल्लीची कडी त्याच्या बोटात एकदा फिरली, मग थांबली. त्याने ती खिशात टाकली. दिवसभराचा थकलेला होता, बॅग खाली ठेवली आणि आईच्या पायाशी पायरीवरच बसला.

"सरक तिकडे," काकी म्हणाली. "लोकांना जायला वाट ठेव."

वर दार उघडलं. सुनेने कठड्यावरून वाकून हाक मारली, "आई, भाजी आणलीत ना? गॅसवर भांडं ठेवलंय मी!"

"ठेव बाजूला भांडं!" काकी जिनाभर ऐकू जाईल असं ओरडली. "मी बसून येते!"