किल्ल्या अकरा

वसतिगृह समितीसाठी. सुट्टीतील ड्यूटीचा अहवाल. शनिवार सकाळी नऊ ते सोमवार सकाळी नऊ.
(जागा अपुरी पडल्यास स्वतंत्र कागद जोडावा.)

जोडला आहे.

प्रश्न १. ड्यूटी घेताना किल्ल्या मोजून घेतल्या का? किती?

होय. अकरा.

ड्यूटी मी पेन्सिलकडून घेतली. आम्ही दोघी विद्यार्थिनी सहाय्यक. काम करायचं, बदल्यात राहायला एकेकटीची खोली मिळते. तिला पेन्सिल म्हणतात ते ती काडीसारखी आहे म्हणून नाही. ती रजिस्टर आधी पेन्सिलने लिहिते, रात्रभर विचार करते आणि सकाळी शाईने गिरवते म्हणून.

शनिवारी तिला मामाकडे जायची घाई होती. पाठीवर सॅक अडकवूनच तिने जुडगा टेबलावर टाकला.

"मोज बाई, आणि सोड मला."

मी मोजल्या. गच्ची, बॉयलर, भांडार, धुण्याची खोली, असं करत अकरावी लाल चिकटपट्टीवाली, म्हणजे जादा मास्टर. मास्टर किल्लीने सगळ्या खोल्या उघडतात. एक मास्टर ड्यूटीवालीच्या गळ्यात असते आणि ही दुसरी जुडग्यात पडून. अकरा आकडे झाले, मी सही केली. दोन मिनिटं लागली नसतील.

प्रश्न २. फेऱ्या वेळेवर झाल्या का? (सकाळी १०, दुपारी ४, रात्री १०)

होय.

प्रश्न ३. काही तक्रार आली का?

आली. शनिवारी अकरा वाजता, २१४मधून. तिथे पीएचडीवाली ताई राहते. वयाने आमच्याहून आठ वर्षांनी मोठी, आणि बोलणं त्याहून.

"माझ्या खोलीत कुणीतरी येऊन गेलं," ती म्हणाली.

"काय गेलं?"

"जायला काय ठेवलंय मी? काही गेलं नाही. उलट आवरलंय. मी आंघोळीला गेले होते, दाराला कुलूप. परत आले तर किटलीचा प्लग काढलेला, वायर गुंडाळून ठेवलेली, खिडकीला कडी. भूत असेल तर संसारी भूत आहे. त्याला सांग, कपडेही घडी करून ठेव."

ती हसत होती, पण दाराला हात लावून उभी होती. या आठवड्यातली ही चौथी तक्रार. चारही खोल्यांना कुलूप होतं, चारही ठिकाणी काही चोरीला गेलं नव्हतं, आणि चारही वायरी सारख्याच गुंडाळलेल्या: आठच्या आकड्यासारख्या, टोक आत खोचून.

प्रश्न ४. तक्रार वरिष्ठांना कळवली का?

कळवली. रेक्टरबाई बाहेरगावी होत्या. फोनवर मागे लग्नघरासारखा गलका होता.

"कुलूप न तोडता खोली कोण उघडू शकतं?" त्यांनी विचारलं.

"मास्टर किल्लीवाली."

"मग तुम्ही दोघी. रविवारी सहाला मी येते. तोवर मला एक नाव पाहिजे. नाव नसेल तर गळ्यातली किल्ली काढून ठेव, आणि खोलीही."

खोली जाणं म्हणजे काय ते समितीला माहीत नसेल. माझं घर इथून अडीच तास, एका बाजूने. प्रयोगशाळा सकाळी साडेसातला उघडते. आई आधीच म्हणते, "जमतंय तोवर शिक, नाहीतर ये घरी, दुकानात हात कमी आहेत." खोली गेली तर शेवटचं वर्ष गेलं.

दोघींपैकी मी नव्हते. म्हणजे एकच उरली. दोन्ही मास्टर आज माझ्याकडे होत्या, पण नक्कल करून घ्यायला कितीसा वेळ लागतो.

प्रश्न ५. मागील ड्यूटीच्या नोंदी वाचल्या का?

एरवी कोण वाचतं. शनिवारी वाचल्या. शुक्रवारच्या पानाच्या तळाशी खोडरबर फिरवलेलं दिसलं. कागद उजेडाकडे धरला तर अक्षरं उमटली: "५ वा. सहाय्यक २ ड्यूटी नसताना तिसऱ्या मजल्यावर. का?"

सहाय्यक २ म्हणजे मी.

मी तिसऱ्या मजल्यावर गेले होते ते थोरलीला पुस्तक परत द्यायला. थोरली ३०४मध्ये राहते. गेल्या वर्षीपर्यंत तीच सहाय्यक होती, मला या कामाला तिनेच लावलं, सगळं शिकवलंही तिनेच. पण पेन्सिलने विचारलं नाही, लिहिलं. आणि मग खोडलं. चोराच्या मनात चांदणं, असं मी तेव्हा म्हणाले. दोनदा म्हणाले, मोठ्याने, रिकाम्या ऑफिसात.

मामाकडे गेली म्हणते, पण जाताना तिला फाटकापर्यंत कोणी पाहिलं? वॉचमनकाकांना विचारलं.

"गेली असेल की," ते म्हणाले. "एक सॅक गेली, आत कोण होतं ते नाही पाहिलं."

प्रश्न ६. संशयास्पद बाबींबाबत कोणती कृती केली?

सापळा लावला. माझ्याच खोलीत. किटलीचा प्लग लावून ठेवला, बटण बंद, खिडकी सताड उघडी, दाराला कुलूप. मग धुण्याच्या खोलीत जाऊन बसले, कारण तिथल्या जाळीतून पेन्सिलचं दार समोर दिसतं. पावणेचार ते पाच, एका उलट्या बादलीवर. सफाईच्या मावशी मध्येच आल्या.

"काय गं, कपडे वाळताना बघतेस?"

"मावशी, पेन्सिल खोलीत आहे का?"

"मला काय ठाऊक. मला दार उघडायची वेळच येत नाही, तुम्ही पोरी सगळी दारं वाऱ्यावर सोडता." जाता जाता वळून म्हणाल्या, "माझ्यावर डोळा ठेवून असशील तर सांग, मी इथेच बसते, पाय दुखतायत."

पेन्सिलचं दार उघडलं नाही. पाचला मी माझ्या खोलीत गेले. दाराला कुलूप होतं. आत खिडकीला कडी होती. किटलीची वायर गुंडाळलेली होती, आठच्या आकड्यासारखी, टोक आत.

तासभर मी चुकीच्या दारावर पहारा देत होते.

पेन्सिलच्या मामाकडे फोन केला. मामांनीच उचलला. "आहे ना इथे. सकाळपासून माझ्या पोरांना गणित शिकवतेय, रडवतेय. देऊ का?" मागून तिचा आवाज आला, "कोण आहे? काय झालं?" मी फोन ठेवून दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ते माझ्या हातून थोडक्यात राहिलं. त्या रात्री दहाची फेरी मी केली. प्रत्येक दार ठोठावलं, आणि प्रत्येक दारामागे कोण हसतंय ते ऐकत उभी राहिले.

प्रश्न १. किल्ल्या मोजून घेतल्या का? किती?

रविवारी सकाळी पुन्हा मोजल्या. अकरा. गळ्यातली मास्टर वेगळी. ती रात्री उशीखाली होती.

मग मी असं काहीतरी केलं जे या वसतिगृहात कोणी करत असेल असं वाटत नाही. जुडगा घेऊन निघाले आणि एकेक किल्ली तिच्या कुलपात लावून पाहिली. गच्ची उघडली. बॉयलर उघडला. भांडाराला तेल हवंय. अकरावी, लाल चिकटपट्टीची, मी माझ्याच दाराला लावली. आत गेली नाही. दुसऱ्या दाराला, तिसऱ्या. नाही. चिकटपट्टी नखाने सोलली. खाली पितळी किल्ली, मास्टरएवढीच, पण दात दोनच. ही आमच्या कुठल्याच दाराची नव्हती.

रजिस्टर मागे मागे चाळलं. पान पान: "किल्ल्या ११. मिळाल्या. सही." पेन्सिलची सही, माझी सही, पेन्सिलची, माझी. सुट्ट्या, परीक्षा, आजारपण, सगळ्यांत अकरा. आम्ही आकडा एकमेकींच्या हवाली करत होतो. किल्ली कधीच गेली होती.

मागे जात जात मी त्या पानावर आले जिथून माझ्या सह्या सुरू होतात. देणार: थोरली. घेणार: मी. किल्ल्या ११.

प्रश्न ७. कोणत्याही खोलीत विनापरवानगी प्रवेश केला का?

होय. ३०४. रविवारी दुपारी एक वाजता, थोरली जेवायला गेली असताना.

गेल्या हिवाळ्यात थोरलीने माझा स्वेटर उसना नेला होता. तिचा ट्रंकेत होता आणि ट्रंकेची किल्ली हरवली होती. "कुलूप तोड की," मी म्हणाले होते. "बाबांनी दिलेलं आहे," ती म्हणाली. अख्खा हिवाळा माझा निळा स्वेटर तिच्या अंगावर. मुली चिडवायच्या, तुमची जुळी बहीण आली म्हणून.

ट्रंक खाटेखाली होती. दोन दातांची किल्ली कुलपात अलगद गेली आणि फिरली. आत डांबरगोळ्यांचा वास, एक राखी स्वेटर, वर घडी घातलेला.

"ठोठावलं होतंस का?"

थोरली दारात उभी होती. हातात धुतलेलं ताट, पाणी निथळतंय.

"नाही," मी म्हणाले.

"मी ठोठावते. तीनदा. ‘ड्यूटी’ म्हणते. उत्तर आलं नाही तरच उघडते." तिने ताट ठेवलं. "तुला तसंच शिकवलं होतं."

"तू ड्यूटीवर नाहीस, ताई."

ती खाटेवर बसली. समितीला गेल्या वर्षीची २०७ आठवत असेल. इस्त्री गादीवर राहिली, चारच्या सुमारास आग लागली, तिथल्या मुलीचा तळहात भाजला. चारच्या फेरीच्या कागदावर थोरलीची सही होती, "सर्व खोल्या पाहिल्या." ती तेव्हा ऑफिसात चहा पीत होती. तिने स्वतःहून काम सोडलं.

"पहिले दोन महिने नुसती बाहेरून जायची," ती म्हणाली. "दाराला नाक लावून. वास येतो का बघत. मग आत जायला लागले. आधी कुणाच्या लक्षात येत नव्हतं. हल्ली रोज जाते."

"लोक घाबरलेत. माझी खोली जाईल. सहाला रेक्टरबाई नाव मागणार आहेत."

"दे की नाव." तिने गळ्यातून दोरा काढला. मास्टर त्याला होती, शर्टाच्या आत. "पण सगळं दे. काल चारला तू कुठे होतीस?"

मी ट्रंकेचं झाकण लावलं.

"११८. इस्त्री चालू होती. पोरगी फोन आला म्हणून खाली पळाली होती. टेबल तपकिरी झालं होतं, जाऊन बघ. मी बंद केली, मग तुझ्या खोलीत गेले. येताना मजल्याच्या कागदावर तुझी सही पाहिली. ४ वाजता, सर्व खोल्या पाहिल्या. घड्याळात चारला पाच कमी होते."

मी ११८मध्ये गेले. ठोठावून गेले. टेबलावर इस्त्रीच्या आकाराचा डाग होता, टोकाला काळा. पहिल्या वर्षाच्या त्या मुलीने त्यावर वही सरकवली.

"ताई, सांगाल का कुणाला?" तिने विचारलं.

प्रश्न २. फेऱ्या वेळेवर झाल्या का?

वर "होय" लिहिलं आहे. ते खोटं आहे. शनिवारी चारची फेरी झाली नाही. पावणेचारच्या आधी मी तिन्ही मजल्यांवर धावत जाऊन सह्या केल्या आणि बादलीवर जाऊन बसले. खिडक्या कोण लावतंय ते बघायचं होतं, म्हणून खोल्या बघितल्या नाहीत.

प्रश्न ८. वरिष्ठांच्या सूचना.

रेक्टरबाई सहाला आल्या. प्रवासाने डोळे सुजलेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी थोरलीला खाली बोलावलं आणि उद्या संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. अंगावर राखी स्वेटर होता, एवढ्या उकाड्यात. वॉचमनकाकांनी विचारलं, "ताप आहे का बाळ?"

मग रेक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "चारचं मला सांगायची काय गरज होती?"

"११८मध्ये..."

"जळलं का काही? टेबल. टेबल जुनंच आहे." त्यांनी खणातून एक कोरा नमुना काढून माझ्यासमोर ठेवला. "हा नीट भर. प्रश्न दोन, होय. तिचं नाव लिही, किल्लीचं लिही, संपलं. तू कामाची आहेस. तू गेलीस तर पुढच्या रविवारी फेऱ्या कोण मारणार, मी? पण फेरी न करता सही केली असं समितीकडे लेखी गेलं, तर तुझी खोली मला वाचवता येणार नाही. नियम मी केलेला नाही."

त्यांनी जुडगा उचलला. आता त्यात खरी मास्टर होती, मीच लावलेली. त्यांनी बोटाने किल्ल्या सरकवल्या, ओठ हलवत. अकरा. रजिस्टरात सही केली.

"लावून बघता का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शनिवारी मी पेन्सिलच्या दाराकडे जसं पाहत होते, अगदी तसं.

प्रश्न ९. इतर काही.

कोरा नमुना टेबलावर आहे. अर्धा तास मी तो भरायचा प्रयत्न केला. नाव, तारीख, प्रश्न १, अकरा. प्रश्न २ वर पेन थांबलं, आणि दर वेळी मी उठून ११८पर्यंत जाऊन आले. तीनदा. दाराला नाक लावलं. तिसऱ्यांदा आतून विचारलं, "कोण आहे?" आणि मी मागे फिरले.

एका खोट्या सहीपायी वर्षभर उसना स्वेटर घालून हिंडायची माझी तयारी नाही.

आईला फोन केला. म्हणाले, कदाचित घरून ये-जा करावी लागेल. ती म्हणाली, "अडीच तास?" मग, "पहिली गाडी पाचची आहे. डबा मी करीन, उठायचं तू." दुकानाचं नाव तिने काढलं नाही.

पेन्सिल मामाकडून परतली आहे. तिला रजिस्टरातलं ते खोडलेलं पान दाखवलं. ती लाल झाली. "मला वाटलं तूच," ती म्हणाली. "मलाही तूच," मी म्हणाले. सकाळी नऊला ती ड्यूटी घेईल.

प्रश्न १०. ड्यूटी देताना किल्ल्या किती? वरील सर्व माहिती खरी आहे. सही.

अकरा. पेन्सिलला बरोबर घेऊन एकेक लावून पाहिली. भांडाराला तेल घातलं.

कोरा नमुना परत खणात ठेवला आहे. हा जोडला आहे.

सही,
सहाय्यक क्र. २