तिसरी विरी

वैशाखातल्या वादळाने पुत्तूरजवळच्या एका कारखान्याच्या गोदामाचे पत्रे उडवले आणि आतल्या सगळ्या विऱ्या भिजल्या. उन्हात पसरल्या, उलट्यापालट्या केल्या, तरी त्यांच्यावर काळे ठिपके उमटलेच.

पोफळीचं पान गळतं तेव्हा त्याच्या बुडाशी चामड्यासारखी रुंद विरी असते. ती भिजवून गरम साच्यात दाबली की ताट तयार. झाड तोडायला नको, प्लास्टिक नको. वारिजा रै यांच्या या कारखान्यातून अशी ताटं जर्मनीला एबेलिंगबाईंकडे जात. आता जहाज लागायची वेळ जवळ आली होती आणि दाबायला विरी नव्हती.

"माल गेला नाही तर एबेलिंगबाई दुसरीकडे जाईल, अक्का," पद्मय्या म्हणाला. तो खरेदी सांभाळायचा. वयाने मोठा, तरी मालकिणीला अक्काच म्हणायचा. "मग साच्यावरच्या बायांनी घरी बसायचं का?"

"ते मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?"

पद्मय्याकडे तोड होती. बागवाल्यांशी वारिजाचा ठराव असा, की दोन विऱ्या कारखान्याने उचलायच्या आणि तिसरी झाडाच्या बुंध्याशी कुजू द्यायची. आत्ता प्रत्येक बागेत अशा विऱ्या पडून होत्या.

"या खेपेपुरत्या त्या उचलू. कोण बघायला येतंय?"

"झाड बघतं की! पलीकडच्या खोऱ्यात सगळं झाडून नेलं. माती उघडी पडली, मुळं भाजली. आता तिथे सुपारी नाही आणि विरीही नाही. आज हे उचललं, तर पुढच्या संकटाला काय उचलू? माती?" ती उठली. "न्हाणीच्या माळ्यांवरचे भारे उतरवा."

घरोघरी स्वयंपाकाला गॅस आला होता, पण आंघोळीचं पाणी अजून लाकडावरच तापायचं. त्या चुलीवरच्या माळ्यावर प्रत्येक घर आपल्यापुरत्या विऱ्या ठेवी. धुरामुळे तिथे कीड लागत नसे. वारिजा त्या घरांना पैसे देऊन दरसाल कारखान्याचाही एकेक भारा तिथे ठेवून घ्यायची. शहरातून आलेल्या तपासनिसाने सांगितलं होतं, सगळं एका गोदामात आणा, जीपच्या फेऱ्या वाचतील, डिझेल कमी जळेल. तिने बराचसा माल गोदामात आणला, सगळा नाही. "एका खुंटीला सगळं टांगायचं नाही," एवढंच म्हणाली. पद्मय्याने तेव्हा त्या माळ्यांना 'विऱ्यांचं वसतिगृह' असं नाव दिलं होतं.

पहिलंच घर भागीरथी अम्मांचं निघालं.

"आलास का वसतिगृहात? अक्काचं डोकं फिरलंय म्हणत होतास ना रे?"

"म्हणालो असेन, अम्मा."

"असेन काय! माझंच ताक पीत म्हणालास."

माळ्यावरून भारा खाली आला. काजळीने माखलेला, पण आत विऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या. बोटाने टिचकी मारली की वाजत होत्या. पद्मय्याने एकेक उलटून पाहिली. ठिपका कुठे नव्हता. त्याने भारा जीपमध्ये ठेवला.

अडचण पुढे आली. विऱ्या धुऊन, भिजवून ताटं काढली आणि त्यांत गरम गंजी, म्हणजे तांदळाची पेज, वाढली, तशी साच्यावरच्या गुलाबीने नाक मुरडलं.

"अक्का, जेवायला बसलोय की सासऱ्यांच्या आंघोळीला?"

बाया हसल्या. वारिजाने ताट नाकाशी धरलं. धुराचा वास होता खरा.

"बोलूच नका," पद्मय्या हळूच म्हणाला. "खोकी उघडेपर्यंत माल तिकडे पोचलेला असेल."

वारिजाने तिथेच सगळ्यांसमोर एबेलिंगबाईंना फोन लावला. ताटं ठरल्यापेक्षा कमी आहेत. त्यांना धुराचा वास आहे. उरलेली नव्या विऱ्या पडल्यावर देऊ. झाडांच्या वाट्याला हात लावणार नाही. नको असतील तर आत्ताच सांगा.

आयुष्यभर पद्मय्याने घासाघीस केली होती. आपल्याच मालाचा दोष इतक्या खणखणीत आवाजात सांगणारं माणूस त्याने पाहिलं नव्हतं. अपमान व्हायचा तर तो झेलायला आपण तिच्या बाजूला उभं असावं, असं वाटून तो पुढे सरकला.

पलीकडून एबेलिंगबाईंनी विचारलं, धूर कसला? लाकडाचा?

"लाकडाचा."

बाई हसल्या. बंदरावर धुरी दिलेला मासा विकणाऱ्यांच्या टपऱ्या आहेत, त्यांना चालतील म्हणाल्या. केकवाल्या दुकानांची मागणी मात्र यंदा दुसरीकडे देणार होत्या.

वारिजाने फोन ठेवला. "निम्मं गेलं, निम्मं राहिलं. चला, साचे तापवा. गुलाबी, सासऱ्यांना सांग, त्यांची आंघोळ परदेशी चालली."

इतर घरांतले शेवटचे भारे घेऊन जाताना पद्मय्या पुन्हा अम्मांकडे थांबला. परतताना बागेपर्यंत त्या सोबत आल्या.

"या पडल्यात त्याही ने की रे. एवढी नड आहे तुम्हाला."

पद्मय्याने वाकून झाडाच्या वाट्याची एक विरी उचलली. चांगली रुंद होती, दोन मोठी ताटं सहज निघाली असती. तिच्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला. मग ती पोफळीच्या बुंध्याशी पालथी घातली आणि पायाने नीट दाबली.

"असू दे, अम्मा. पुढच्या वादळाला लागेल."