कागदाएवढी फट

आधीच सांगून टाकतो, चूक माझी नव्हती. निदान शर्यतीच्या दिवशी सकाळी साडेदहापर्यंत तरी ती माझी नव्हती.

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. एकोणीस वर्षं झाली. लोकांना दिसतसुद्धा नाहीत असे स्क्रू मी आवळतो आणि आवळून झाले की वर आणखी अर्धा फेरा देतो. ही माझी सवय आहे. माझ्या हातचा चष्मा कधी ढिला होत नाही. दोन-चार तडकले असतील, पण ढिला एकही नाही. घरातले नळही मीच बसवले आहेत. ते उघडायला बायकोला दोन्ही हात लावावे लागतात, पण गळत नाहीत.

त्यामुळे मी रिमोटवर चालणारा ट्रक घेतला, तेव्हा मला कुणी काही शिकवायची गरज आहे असं वाटलंच नाही. हातभर लांबीचा, चार जाडजूड चाकांचा ट्रक. खोक्यातून सुटे भाग काढायचे आणि एकेक जोडत न्यायचं. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत दर दोन महिन्यांनी, रविवारी, आमची शर्यत असते. आठ-नऊ पोक्त माणसं, डोळ्यांत प्राण आणून, दहा फेऱ्या. मी सात शर्यतींत उतरलो होतो आणि एकही पूर्ण केली नव्हती. एकदा सहा फेऱ्या झाल्या, तर फेऱ्या मोजणाऱ्या बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

व्हायचं काय, की मोटरच्या छोट्या गिअरला लागून एक मोठा प्लास्टिकचा गिअर असतो, त्याचे दात झडायचे. म्हणून मी पोलादी गिअर बसवला. हात लागलाच आहे तर मोटरही दमदार घेतली. मोटर तापायला लागली म्हणून तिच्यावर पंखा बसवला. पंख्यासाठी बॅटरी मोठी, बॅटरीच्या वजनासाठी स्प्रिंगा जाड, स्प्रिंगांसाठी सांगाडा नवा, सांगाड्यासाठी चाकं नवी. शेवटी रिमोटसुद्धा बदलला. जुना ट्रकशी बोलत होता, पण त्यात मला आदर दिसत नव्हता. काढलेले भाग मी टेबलाखाली बुटांच्या खोक्यात टाकत गेलो. त्यात एक गिअर आणि एक चिरलेली दांडी सोडली तर मोडलेलं काहीच नव्हतं, पण एवढ्या खोलात कोण जातं?

टेबल लहान खोलीत होतं. आणि लहान खोली हेच भांडणाचं मूळ होतं, कारण गेल्या वर्षी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि हॉलमधल्या सोफ्यावर झोपू लागल्या.

"माझी आई सोफ्यावर आणि तुझा ट्रक खोलीत!" एके दिवशी बायकोचा पारा चढला. "लाज वाटते का जरा तरी?"

माझाही चढला. मी कागद घेतला आणि लिहून दिलं : येत्या शर्यतीत माझ्या ट्रकने दहा फेऱ्या पूर्ण केल्या नाहीत, तर मी हा नाद सोडेन आणि लहान खोली आईंना देईन. खाली झोकदार सही ठोकली. बायकोने तो कागद लगेच फ्रिजवर चिकटवला.

राग उतरल्यावर मी तो कागद पुन्हा वाचला. दिवसभर मी माणसांना एकच विचारत असतो, "आता दिसतंय का? आणि आता?" त्या खोलीत दोन तास मला कुणी काही विचारत नाही की मी कुणाला विचारत नाही. ती गेली असती तर मी नुसता चष्मेवाला उरलो असतो.

सासूबाई म्हणजे कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केलेली बाई. त्यांचा सोफा खोलीच्या भिंतीला लागूनच. मी ट्रक चालू केला की पलीकडून आवाज यायचा.

"जावईबापू, दात फार घट्ट बसलेत. जरा श्वास घेऊ द्या त्यांना."

"आई, हे शिलाई मशिन नाहीये."

"हं."

बास, एवढंच. पण त्या "हं"मध्ये माझ्या बुद्धीचं पूर्ण मोजमाप असायचं. मी रागाने गिअर आणखी आवळायचो.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात बुटांचं खोकं गायब झालं. बायकोने फेकलं असणार असं मी धरून चाललो. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यात किती सामान होतं तेही सांगावं लागलं असतं.

आणि शर्यतीच्या दिवशी सकाळी फ्रिजवरच्या कागदाची खालची पट्टी दिसेना. माझ्या सहीसकट कुणीतरी नीट फाडून नेली होती. मी तसाच ट्रक पिशवीत भरला. वेळ आलीच तर म्हणता येईल, कुठाय माझी सही? एवढ्या वर्षांच्या संसारात माणूस थोडा वकील होतोच.

तिसऱ्या फेरीत माझ्या ट्रकमधून धूर आला. पंखा गरगर फिरत होता, त्यामुळे धूर सगळ्यांच्या तोंडावर नीट पसरला. मोटर जळाली. साडेदहा वाजले होते. बायको हाताची घडी घालून उभी होती.

तेवढ्यात सासूबाई कापडी पिशवी घेऊन पुढे आल्या. पिशवीतून त्यांनी ट्रक काढला. मी बघतच राहिलो. तो माझाच ट्रक होता, अगदी पहिल्या दिवशीचा. जुना सांगाडा, जुनी मोटर, जुना रिमोट. माझ्याकडून चिरलेली पुढची दांडी शिलाईच्या दोऱ्याने घट्ट गुंडाळून वर गोंद लावलेला. गिअर प्लास्टिकचाच. मूळ सामानात एक जादा आला होता, त्याचं पाकीट मी कधी फोडलंच नव्हतं.

"राखीव गाडी चालते का हो?" त्यांनी बेकरीवाल्याला विचारलं.

"चालते. पण फेऱ्या पहिल्यापासून, आणि यांच्याच नावावर धरली जाईल."

"धरा की."

"आई, मग तुम्हीच चालवा," मी कसंबसं म्हणालो.

"मला बसवता येतं. चालवणं तुमचं काम." त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. "आणि त्याच्यावर ओरडू नका."

ट्रक निघाला. घरघर नाही, किरकिर नाही. चांगलं तेलपाणी केलेल्या शिलाई मशिनसारखा नुसता सरसर आवाज. तो जोरात मुळीच पळत नव्हता. सगळे माझ्या पुढे गेले आणि काही जण तर गाड्या पुसून पिशवीत भरू लागले. आठव्या फेरीत तो विटेला अडला. माझा अंगठा शिवशिवला, पण मी जोर दिला नाही. हळूच मागे घेतला आणि वळवला. नववी झाली. दहावी झाली. बेकरीवाल्याने जांभई देत बोट वर केलं. नऊ जणांत नववा नंबर, पण दहा फेऱ्या पूर्ण! मी ट्रक उचलून छातीशी धरला. लिहायला लाज वाटते, पण धरला.

बायको मात्र आईवरच उखडली. "अगं आई, खोली तुला मिळत होती! तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?"

"गिअरच्या," सासूबाई म्हणाल्या. "वर्षभर भिंतीपलीकडून ती घरघर ऐकतेय. जीव नकोसा झाला होता मला."

मी मान खाली घालून विचारलं, "तुम्ही नेमकं काय केलंत?"

त्यांनी पर्समधून कागदाची एक पट्टी काढली. त्यावर एका ओळीत दातांचे ठसे होते आणि त्या ठशांखाली माझी झोकदार सही.

"दोन गिअरच्या मध्ये कागद धरायचा, जवळ आणून आवळायचं, मग कागद ओढून काढायचा. राहते तेवढी फट पुरते."

"पण हाच कागद?"

"जाडी बरोबर होती." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि ट्रक नसताच चालला, तर निदान तुमची सही तरी त्या कागदावर नको, म्हटलं. रागात केलेली सही ती."

सकाळपासून त्याच फाटक्या जागेवर मी माझी वकिली मांडून बसलो होतो. कुठे तोंड लपवू असं झालं.

घरी आल्यावर मी म्हणालो, "आई, खोली तुमची. सहीबिही काही नाही, सरळ तुमची."

"झोपायला मला हॉलच बरा. टीव्ही तिथे आहे." त्या दारात उभ्या राहून आत बघत होत्या. "त्या टेबलापाशी एक खुर्ची मिळाली तर बघा."

मी टेबल भिंतीपासून ओढलं आणि दोन बाजूंना दोन खुर्च्या मांडल्या. जळलेला ट्रक उघडला. सासूबाईंनी राखीव गाडीतली जुनी मोटर काढून पुढे केली आणि तीच पट्टी हातात दिली. मी ती दोन गिअरच्या मध्ये घातली. सही पुन्हा एकदा दाताखाली गेली.

"आवळा," त्या म्हणाल्या.

मी आवळलं.

"बास."

हात आणखी अर्ध्या फेऱ्यासाठी निघालाच होता. मी थांबलो. स्वयंपाकघरातून बायको बघायला आली, कारण या घरात कुणी बास म्हटल्यावर मी थांबल्याचं तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.