दिवा मात्र चालू होता

मित्रांनो, मी एक जुने काचेचे कपाट आहे. किराणा दुकानाच्या दाराशी उभे राहून मी भाजलेल्या कोंबड्या गरम ठेवत असे. माझ्या तळाशी तापणारी तार होती आणि डोक्यावर पिवळा दिवा. काम सगळे तारेचे, पण लोक भुलत दिव्याला.

मला सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या विक्रेत्याला सगळे मामा म्हणत. कोंबडी बांधून देण्याआधी ते उघडा हात माझ्या तळाला लावत. चटका बसला तरच विक्री. त्यांची बोटे पार निबर झाली होती.

दर शनिवारी शिवणकारखान्यातली एक बाई येई. एकदा शेजारीण तिला हसली, "तयार कोंबडी? चैन आहे बाई!"

"चैन कसली? कच्ची आणली तर तेल, मसाला, गॅस आणि वर माझे दोन तास. हीच परवडते. सासूबाईंना दात नाहीत, हिचं मांस बोटानं सुटतं. हाडं उकळली की दुसऱ्या दिवशीचं सूपही होतं."

मला केवढा अभिमान वाटला!

मग नवे मालक आले. "मामा, गिऱ्हाइकासमोर उघडा हात आत घालायचा नाही," असे बजावून त्यांनी जाड हातमोजे दिले. पोटापुढे मामांचे काय चालणार?

एका शनिवारी सकाळीच माझी तार जळाली. दिवा मात्र चालू होता. दिवसभर कोंबड्या माझ्या पोटात कोमट पडून राहिल्या. मी ओरडणार कसे? संध्याकाळी ती बाई आली. मामांनी सवयीने तळाला हात लावला, पण मोज्यातून काय कळणार?

"गरम आहे ना, मामा?"

"दिवा चालू आहे की," मामा म्हणाले.

पुढच्या शनिवारी ती रिकाम्या हाताने उभी राहिली. "मामा, सासूबाई गेल्या. रात्रीपासून उलट्या सुरू झाल्या, त्या थांबल्याच नाहीत. मीच भरवलं हो त्यांना, माझ्या हातानं."

मामांनी मोजा काढला. उघडा हात माझ्या तळाला लावला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. चटका बसला नाही.

"पोरी, तुझा नाही, माझा हात चुकला," मामा म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

आता मी भंगारवाल्याच्या अंगणात आहे. काल एका दुकानदाराने बटण दाबून पाहिले. दिवा लागला. "चांगलं आहे की," तो म्हणाला आणि भाव विचारू लागला.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी त्याला गाठा. मला नेण्याआधी एकदा उघडा हात लावून बघ म्हणावे.