स्लॅब पडायच्या आधी

"अगं बाई! हा काय प्रकार आहे?" नाहीदच्या स्क्रीनकडे पाहून स्वाती मॅडमनी डोक्याला हातच लावला.

गडचिरोलीच्या त्या क्लासात सहा पोरी रेव्हिट शिकत होत्या. रेव्हिट म्हणजे काय, तर अख्खी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करायची. भिंती, बीम, वायरी, पाईप, सगळं जागच्या जागी, खऱ्या मापाचं. मग एक बटण दाबलं की कोण कोणाला धडकतं ते कॉम्प्युटर दाखवतो, कोणाची भीडभाड ठेवत नाही. नाहीदच्या इमारतीत संडासाची लाईन तीन बीमांतून आरपार गेली होती. तीन ठिकाणी लालभडक!

"बीमच्या पोटातून पाईप कोण नेतं गं?"

"आमच्या घरी असाच नेतात, मॅडम."

पोरी खिदळल्या. पण त्यात खोटं काय होतं? तिचे अब्बा, शफीभाऊ, प्लंबर. इकडची रीतच अशी, की आधी स्लॅब पडू द्यायचा, खालच्या सेंट्रिंगच्या फळ्या निघू द्यायच्या, आणि मग प्लंबरनं छिन्नी-हातोडा घेऊन बीम फोडायचा. बीम एका कागदावर, पाईप दुसऱ्या कागदावर, दोघांची गाठ पडते ती थेट साइटवर. पोरीनं जन्मभर हेच पाहिलं, तर कॉम्प्युटरात वेगळं काय काढणार, कपाळ?

हसता हसता नाहीदची नजर घड्याळावर गेली. खरी इमारत घ्या असं मॅडम म्हणाल्या होत्या, म्हणून तिनं अब्बांच्या पिशवीतलेच नकाशे उचलले होते. मुलचेऱ्याचं मुलींचं वसतिगृह. त्याचा स्लॅब आज अकरा वाजता पडणार होता, आणि पावणेअकरा वाजले होते.

साइटचे सुपरवायझर गुणवंतराव अब्बांना बजावून बसले होते, "शफीभाऊ, माझ्या बीमला छिन्नी लागली की तुमचं काम बंद." तीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबल्यावर अब्बांच्या स्वतःच्या नावावरचं हे पहिलं मोठं काम. आणि अब्बा म्हणजे अब्बा, "पाहू नंतर" म्हणून मोकळे! छिन्नी लावली तर काम जाणार, नाही लावली तर पाईप कुठून नेणार?

तिनं फोन लावला. मिक्सरची घरघर आधी ऐकू आली, मग अब्बा.

"अब्बा, स्लॅब थांबवा! तुमची लाईन तीन बीमांले धडकून राह्यली."

"कोण म्हणते?"

"कॉम्प्युटर."

"त्या डब्यानं कधी पाईप टाकला का? मले तीस वर्षं झाली, बेटा. इथी लोकं खोळंबून आहेत. ठेव."

"ठेवू नका! ऐका ना. बीममदी सहा इंची पाईपचे तुकडे आत्ताच बसवून घ्या, म्हणजे भोकं तयार राहतीन. आकडे सांगतो मी. पहिल्या बीमले तळापासून तेरा इंच. दुसऱ्याले अकरा. तिसऱ्याले नऊ."

फोनवर नुसती घरघर. नाहीदला वाटलं, कटला.

"दोन बीमांमदी आठ फूट," अब्बा पुटपुटले. "आठ फुटाले दोन इंच. फुटाले पाव इंच..." आणि एकदम ओरडलेच, "अगं, तू उतार धरला!"

"मंग? उतार नसला तर पाणी वाहीन काय, अब्बा?"

त्या माणसाला कॉम्प्युटर कळत नव्हता, पण उतार त्याच्या हाडीमाशी मुरलेला. पुढचं नाहीदला फोनवरच ऐकू येत होतं. अब्बा धावत सुटले होते. "थांबवा! ओ गुणवंतराव, मिक्सर थांबवा! पोरीनं क्लासात कॉम्प्युटरवर पाह्यलं, पाईप बीमांले धडकते!"

गुणवंतराव भडकले. "शफीभाऊ, डोकं फिरलं काय तुमचं? पोरीच्या क्लासपायी स्लॅब थांबवू काय मी?"

"टेप लावून पाहा. खोटं निघालं तर मी आत्ताच घरी जातो."

बाप रे! नाहीदनं शेजारच्या पोरीचा हात गच्च धरला. सहाच्या सहा पोरी आणि मॅडम फोनभोवती गोळा झाल्या होत्या. टेप सरकल्याचा आवाज आला. मग गुणवंतराव बीमचं डिझाईन केलेल्या नागपूरच्या साहेबांशी दुसऱ्या फोनवर बोलताना ऐकू आले, आणि त्यांचा आवाज हळूहळू खाली येत गेला. हो साहेब. दोन फुटी बीम, साहेब. मधोमधच येते, साहेब. भोकाभोवती जास्तीच्या सळ्या टाकतो, साहेब.

मग ते अब्बांकडे वळले असावेत. "बसवा तुकडे. तासभर उशीर झाला तरी चालते." आणि जरा थांबून, "पोरगी कुठी शिकते म्हणाले?"

क्लासात जो काही कल्ला झाला, विचारू नका. स्वाती मॅडमसुद्धा टाळ्या पिटत होत्या. नाहीदला हसू आवरेना आणि डोळेही पुसावे लागले.

अब्बा फोनवर आले तेव्हा त्यांना दम लागला होता. मागे मजूर होते, गुणवंतराव होते, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "टेप धरून उभा आहो मी. बोला मॅडम, पहिला बीम, खांबापासून किती?"

"सव्वाचार फूट," नाहीद म्हणाली.

"सव्वाचार फूट," अब्बांनी म्हटलं आणि खूण केली.