बोटसुद्धा लावलं नाही

मिशिगनच्या उत्तरेला, आर्विड कांगसच्या गावात, पंधरा नोव्हेंबरला शाळासुद्धा बंद असते. त्या दिवशी हरणांची शिकार खुली होते आणि झाडून सगळं गाव जंगलात पळतं. मागे उरायचा तो आर्विड. विशीत दोस्तांच्या नादी लागून त्याने कुणाची तरी बंद केबिन फोडली होती. शिक्षा कधीच भोगून झाली, पण तिथल्या कायद्याने बंदुकीला हात लावायचा हक्क गेला तो गेलाच. सगळे परतेपर्यंत हा आपला घरी मांस-बटाटा भरलेल्या करंज्यांसारख्या पेस्ट्या भाजत बसायचा.

यंदा मात्र त्याने हक्क परत मिळावा म्हणून कोर्टात अर्ज केला होता. तेरा वर्षांच्या लेकीशेजारी, ऐलीशेजारी, एकदा तरी मचाणावर बसायचं, एवढंच त्याचं वेड. मंगळवारी सुनावणी होती.

रविवारी दुपारी लाकडं वाहणाऱ्या ट्रकने उडवलेली एक हरिणी फरफटत त्याच्या अंगणात येऊन पडली. मागचे दोन्ही पाय मोडलेले. तिचं ओरडणं ऐकवत नव्हतं. शेरीफच्या पोलिसाला यायला तास तरी लागणार होता. शेजारच्या घरातून आर्विडची आई मार्टा नवऱ्याची जुनी रायफल घेऊन आली.

"घे रे, सोडव तिला. मला हरीण कुठलं नि झुडूप कुठलं तेही दिसत नाही."

"आई, मला हात लावता येत नाही."

"का? जज्ज काय झाडावर चढून बसलाय?"

आर्विडने दोन्ही हात जॅकेटच्या खिशांत खुपसले. "ऐली, तू घे. आजीने शिकवलंय ना तुला?"

"बाबा, मी नुसते डबे उडवलेत."

"कानामागे नेम धर. आणि डोळे मिटू नकोस."

तिने मिटलेच. पहिली गोळी जबड्याला लागली. दुसरी तिने हुंदके देत झाडली, तेव्हा कुठे हरिणी सुटली. दोन पावलं पुढे जाऊन रायफल घेतली असती, तर एका गोळीत काम झालं असतं. आपण भेकड आहोत हे आर्विडला तेव्हाच कळलं. तरी त्याने हात बाहेर काढले नाहीत.

मंगळवारी जज्जने चष्म्यावरून पाहत विचारलं, "शिक्षेनंतर कधी बंदूक हाताळलीत?"

"नाही, साहेब. बोटसुद्धा लावलं नाही."

अक्षरन् अक्षर खरं होतं. मागच्या बाकावर आजीला बिलगून ऐली आपल्या बुटांकडे बघत होती. असा संयम हल्ली बघायला मिळत नाही, असं म्हणून जज्जने सही ठोकली.

बाहेर येताच मार्टाने लेकाच्या पाठीत आनंदाने धपाटा घातला आणि ती गाडीकडे गेली.

"मग, जायचं ना पंधराला?" आर्विडने ऐलीला विचारलं. "आपण दोघं. आजोबांच्या मचाणावर."

"तू जा."

"रागावलीस? अगं, कुणी बघितलं असतं तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं."

"अंगणात कोण होतं बघायला?"

आर्विडने मान खाली घातली. "कुणी नव्हतं."

"मी होते की," ऐली म्हणाली.